लंडनला नोकरी, वोकिंगला घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनमध्ये नोकरी लागली की पहिल्या महिन्यातच कुणीतरी सांगतं, "वोकिंगला बघ, गाडी फास्ट आहे." मग फोन सुरू होतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. एकदा लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पान. मधे मधे कुणी न विचारलेल्या गोष्टीही आल्या आहेत. घर घेताना त्यांचा काही उपयोग नाही, पण वोकिंगबद्दल खरं बोलण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे.

वोकिंग नेमकं कुठे आहे?

लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे काउंटीत. वॉटर्लू स्टेशनपासून सुमारे ३९ किलोमीटर. मुंबईच्या हिशोबात सांगायचं तर सीएसएमटीहून ठाणं ओलांडलं, पण दिवा अजून आलं नाही, एवढं अंतर.

म्हणजे लंडनच ना?

नाही. एम-२५ या लंडनभोवतीच्या रिंग रोडच्या बाहेर. पिनकोड जीयू, म्हणजे गिल्डफर्डचा. लंडनच्या महापौरांचा इथे संबंध नाही, ऑयस्टर या लंडनच्या प्रवास-कार्डाच्या झोनमध्येही हे गाव येत नाही. भारतातल्या नातेवाइकांना मात्र खुशाल 'लंडन' सांगा, सगळेच सांगतात.

गाडी खरंच २५ मिनिटांत पोचते का?

जलद गाडी पोचते. साधारण २५ ते ३० मिनिटं धरा. प्रत्येक स्टेशनवर थांबणारी गाडी धरलीत तर त्याच्या जवळपास दुप्पट वेळ, आणि नवखा माणूस पहिल्या आठवड्यात हमखास तीच धरतो. फलाटावरची पाटी वाचायची सवय लावा.

गाड्या इतक्या का आहेत, तर वोकिंग हे जंक्शन आहे. साउदॅम्प्टनकडून येणारी मुख्य लाइन आणि पोर्ट्समथकडून येणारी लाइन इथे मिळतात, त्यामुळे दोन्हीकडच्या गाड्यांचा फायदा होतो. तोटाही त्यातलाच: सकाळी गाडी येते ती मागून भरूनच. ठाण्याला कर्जत फास्ट पकडणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे कुणी दारात लटकत नाही, आत सरका म्हणून ओरडतही नाही. सगळे शांतपणे उभे राहून फोनमध्ये बघत असतात.

आणि २५ मिनिटं ही वॉटर्लूपर्यंतची. ऑफिस 'सिटी'त, म्हणजे लंडनच्या बँका-पेढ्यांच्या भागात, असेल तर पुढे वॉटर्लू अँड सिटी लाइन आहे. दोनच स्टेशनांची ही भुयारी गाडी थेट 'बँक' नावाच्या स्टेशनला सोडते, पण फक्त सोमवार ते शुक्रवार. ऑफिस कॅनरी वॉर्फला असेल तर ज्युबिली लाइन. घराच्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंतचा हिशोब करा, तो सव्वा तासाच्या खाली क्वचितच येतो.

पास केवढ्याचा पडतो?

वार्षिक पास चार हजार पौंडांच्या आसपास. तो ४० आठवड्यांच्या किमतीत ५२ आठवडे चालतो, म्हणून रोज जाणाऱ्याला परवडतो. पण आता रोज जातं कोण? आठवड्यातून दोन दिवस जाणाऱ्यासाठी २०२१ पासून फ्लेक्सी पास आहे: २८ दिवसांत कुठल्याही ८ दिवसांचा प्रवास. तीन दिवस जाणार असाल तर कागद-पेन घेऊन बसा, उत्तर तुमच्या कामाच्या वेळांवर अवलंबून आहे. घरभाड्यातली बचत पासात जिरते, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. घर बघायला जाण्याआधी हे गणित करा, नंतर करून उपयोग नाही.

गाव जुनं आहे म्हणतात, पण जुनं काहीच दिसत नाही. का?

कारण तुम्ही स्टेशनपाशी उभे आहात. जुनं वोकिंग तिथून दोन-तीन किलोमीटर आग्नेयेला, वे नदीच्या काठी आहे, आणि आजही त्याला ओल्ड वोकिंगच म्हणतात. १०८६ च्या डूम्सडे या इंग्लंडच्या जुन्या जमीन-नोंदणीत ते आहे. सातव्या हेन्रीची आई मार्गारेट बोफर्ट तिथल्या वाड्यात राहत होती, आणि पुढे आठवा हेन्रीही तिथे येऊन राहायचा. आता त्या वोकिंग पॅलेसचे थोडे भग्न अवशेष आणि खंदक उरलेत.

रेल्वे आली १८३८ च्या मे महिन्यात. लंडनहून साउदॅम्प्टनला निघालेली लाइन पहिल्या टप्प्यात इथपर्यंतच होती, आणि स्टेशन बांधलं ते नुसत्या माळावर. स्टेशनचं नावही 'वोकिंग कॉमन', म्हणजे वोकिंगचं गायरान. आसपास झुडपं, वाळू आणि चाळीसेक वर्षांपूर्वी खणलेला बेसिंगस्टोकचा कालवा, एवढंच. आपल्याकडे गावापासून लांब 'रोड' स्टेशन होतं आणि मग स्टेशनाभोवतीच बाजारपेठ उभी राहून मूळ गाव मागे पडतं, तसंच इथे झालं.

गाव स्मशानामुळे वसलं, ही थाप आहे का?

थाप नाही.

१८४० च्या दशकात लंडनमधल्या चर्चच्या आवारांत पुरायला जागा उरली नव्हती. त्यात १८४८-४९ च्या कॉलऱ्याची भर पडली. लंडनचे मृतदेह गाडीने शहराबाहेर न्यावेत, अशी कल्पना निघाली. १८५२ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने लंडन नेक्रोपोलिस कंपनी उभी राहिली आणि तिने वोकिंगच्या गायरानातली दोन हजार एकरांहून जास्त जमीन घेतली. १८५४ च्या नोव्हेंबरात ब्रुकवूडची दफनभूमी सुरू झाली.

वॉटर्लूजवळ या कंपनीचं स्वतःचं वेगळं स्टेशन होतं. तिथून मृतदेह आणि नातेवाईक एकाच गाडीने निघत. गाडीत पहिला, दुसरा आणि तिसरा वर्ग, तोही जिवंत माणसांना आणि शवपेटीलाही. शिवाय अँग्लिकन चर्चवाले वेगळे, बाकीचे वेगळे, आणि दफनभूमीत दोघांची स्टेशनंही दोन. नातेवाइकांना जाऊन-येऊन तिकीट मिळे, शवपेटीला फक्त जाण्याचं. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन बाँबहल्ल्यात लंडनचं ते स्टेशन पडलं आणि गाडी कायमची थांबली. त्याच्या दर्शनी भागाची इमारत वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवर १२१ नंबरला अजून उभी आहे. वॉटर्लूहून चालत पाच-सात मिनिटं.

आता यात गाव कुठून आलं? साऱ्या लंडनचे मृत शेकडो वर्षं इथेच येणार, या हिशोबाने कंपनीने जमीन घेतली होती. तेवढे आले नाहीत. मग कंपनीने उरलेली जमीन विकायची परवानगी मिळवली, आणि स्टेशनलगतचे तुकडे पाडून विकले. आजची बाजारपेठ त्याच जमिनीवर आहे. रस्ते असे वेडेवाकडे का, असं विचाराल तर कारण हेच: गाव कुणी आखलं नाही, प्लॉट विकले जात होते तसं ते वाढत गेलं. आपल्याला ही पद्धत अनोळखी नाही.

जमशेटजी टाटांची समाधी इथे आहे?

आहे, ब्रुकवूडमध्ये. वोकिंगच्या पुढचंच स्टेशन, एका थांब्याचा प्रवास.

जमशेटजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइमला वारले. इंग्लंडमधल्या पारशांनी ब्रुकवूडमध्ये आपली दफनभूमी त्याच्या कितीतरी आधी घेतली होती, तिथे त्यांना आणलं. धाकटे चिरंजीव रतनजी १९१८ मध्ये कॉर्नवॉलला सेंट आइव्हज इथे गेले, थोरल्या सूनबाई मेहरबाई १९३१ मध्ये, आणि पाठोपाठ १९३२ मध्ये त्यांचे पती दोराबजी, तेही जर्मनीतच. सगळे इथे. जमशेटजींचे भाचे शापुरजी सकलातवाला, लंडनच्या बॅटरसीतून निवडून आलेले कम्युनिस्ट खासदार, यांच्या अस्थीही इथेच आहेत. मामा गिरणीमालक आणि भाचा कम्युनिस्ट, एकाच हिरवळीवर.

मुंबईहून येणारा पाहुणा बकिंगहॅम पॅलेस बघतो, मादाम तुसाँ बघतो. नवसारीच्या ज्या माणसाने ताजमहाल हॉटेल बांधलं आणि पोलादाचा कारखाना मनात धरला, तो अर्ध्या तासाच्या गाडीवर आहे हे त्याला ठाऊक नसतं. मी आलेल्या प्रत्येकाला नेतो. पाऊस असेल तर बूट घाला, गवत ओलं असतं, आणि दफनभूमी एवढी पसरलेली आहे की नकाशाशिवाय माणूस चुकतो. ब्रिटनमधली ती सर्वांत मोठी आहे.

ब्रिटनमधलं पहिलं अधिकृत दहनही इथेच झालं म्हणतात?

हो, सेंट जॉन्स भागात. राणी व्हिक्टोरियाचे शल्यविशारद सर हेन्री थॉम्पसन यांनी १८७४ मध्ये दहनाचा पुरस्कार करणारी सोसायटी काढली. जमीन त्याच नेक्रोपोलिस कंपनीकडून घेतली. भट्टी बांधायला इटलीतल्या लोदीहून प्राध्यापक गोरिनी आले आणि मार्च १८७९ मध्ये चाचणी म्हणून एक घोडा जाळला. गावकरी खवळले. तिथल्या धर्मगुरूंना पुढे घालून तक्रार थेट गृहमंत्र्यांकडे गेली आणि काम सहा वर्षं ठप्प झालं.

कोंडी फोडली वेल्समधल्या डॉ. विल्यम प्राइस या विक्षिप्त म्हाताऱ्याने. त्याने आपल्या तान्ह्या मुलाचं दहन केलं, खटला भरला गेला, आणि १८८४ मध्ये न्यायमूर्तींनी सांगितलं की दुसऱ्याला उपद्रव होत नसेल तर दहन बेकायदा नाही. मग २६ मार्च १८८५ रोजी वोकिंगला श्रीमती पिकर्सगिल यांचं दहन झालं. त्या सबंध वर्षात एकूण तीन. दहा वर्षांनी फ्रेडरिक एंगल्स यांचं दहनही इथेच झालं.

इथे कोल्हापूरकरांना एक आठवण द्यायला हवी. थॉम्पसन यांची सोसायटी निघण्याच्या चार वर्षं आधी, नोव्हेंबर १८७० मध्ये, इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना छत्रपती राजाराम महाराज फ्लॉरेन्सला वारले, आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं हिंदू पद्धतीने दहन झालं. तिथे त्यांची छत्री आहे. युरोप भट्टीच्या परवान्यावर वाद घालत होता तेव्हा कोल्हापूरकरांनी संगम शोधून काम उरकलं होतं.

घुमटाची ती हिरवी-पांढरी इमारत कसली?

शाहजहान मशीद, १८८९. ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली ही पहिली इमारत. पैसा भोपाळच्या शाहजहान बेगमांचा, खटपट गॉटलीब लाइटनर यांची. जन्माने हंगेरीचे, लाहोरच्या सरकारी कॉलेजचे माजी प्राचार्य, भाषा किती येत होत्या त्याची मोजदाद सोडून द्या. त्यांनी इथे पौर्वात्य विद्यांची संस्था काढली होती. ती बंद पडली, पण रस्त्याचं नाव अजून ओरिएंटल रोड आहे. २०१८ पासून मशिदीला वारसा इमारतींतला सर्वांत वरचा, पहिला दर्जा आहे. बाहेरून तर बघाच. आत जायचं असल्यास आधी विचारून जा.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या इस्पितळांत वारलेल्या हिंदी फौजेतल्या मुसलमान शिपायांसाठी जवळच हॉर्सेल कॉमनवर छोटी दफनभूमी बांधली होती. कबरी पुढे ब्रुकवूडला हलवल्या. त्या चार भिंतींत आता बाग आहे, आणि बहुतेक वेळा तुम्ही तिथे एकटेच असता.

चौकात तो तीन पायांचा लोखंडी राक्षस कशाला उभा केलाय?

एच. जी. वेल्स १८९५-९६ मध्ये स्टेशनजवळ मेबरी रोडवर राहत होते. मंगळावरचे लोक पृथ्वीवर चाल करून येतात ही कादंबरी त्यांनी तिथे लिहिली, आणि त्यांना उतरवलं हॉर्सेल कॉमनच्या वाळूच्या खड्ड्यात. सायकलवरून फिरत कुठलं घर उडवायचं ते ठरवायचे. पुतळा त्या मंगळवाल्यांच्या तीन पायांच्या यंत्राचा, १९९८ चा, उंची सात मीटर. मुलांना आवडतो.

कौन्सिलचं दिवाळं निघालंय, मग तिथे घर घ्यावं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि रास्तही.

झालं असं. सरकारी कर्ज स्वस्त होतं तेव्हा या लहानशा कौन्सिलने ते उचललं आणि आपल्याच कंपन्यांना दिलं. त्यातून स्टेशनजवळ व्हिक्टोरिया स्क्वेअरचे टॉवर उभे राहिले, सर्वांत उंच ३४ मजल्यांचा. सोबत हॉटेल, दुकानं, आणि शीअरवॉटर वस्तीचा पुनर्विकास. ऋण काढून सण. ७ जून २०२३ रोजी कौन्सिलने कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे खर्च भागवायला पैसे नाहीत अशी जाहीर कबुली दिली: तूट १.२ अब्ज पौंडांची, आणि त्या वर्षी खर्चायला हाताशी जेमतेम १.६ कोटी. एक लाख चार हजार वस्तीच्या गावाची ही गोष्ट. सरकारने त्याआधीच आपले कमिशनर आणून बसवले होते. आणखी एक मजा: ब्रुकवूडची दफनभूमी २०१४ मध्ये याच कौन्सिलने विकत घेतली होती, म्हणजे टाटांचे शेजारीसुद्धा या कर्जाच्या छायेत आले.

तुमच्या रोजच्या जगण्यावर परिणाम? वाटतो त्यापेक्षा कमी. शाळा, रस्ते, वृद्धांची देखभाल ही कामं सरे काउंटीची. बरो, म्हणजे वोकिंगच्या, कौन्सिलकडे कचरा, बांधकाम परवाने, बागा आणि गृहनिर्माण. कचरा नेमाने उचलला जातो. पण ज्या गोष्टी कायद्याने सक्तीच्या नाहीत, म्हणजे संस्थांचं अनुदान, ज्येष्ठांची केंद्रं, सांस्कृतिक कार्यक्रम, तिथे कात्री चालली. आणि २०२४ च्या एप्रिलपासून बरोने कौन्सिल टॅक्समधला आपला वाटा एकदम जवळपास १० टक्क्यांनी वाढवला. बिलातला मोठा वाटा काउंटीचा असतो, म्हणून एकूण बिल तेवढं वाढलं नाही.

सरे काउंटीचे दोन भाग करून पूर्व आणि पश्चिम अशी दोन नवी कौन्सिलं आणायचं सरकारने ठरवलं आहे. एप्रिल २०२७ मध्ये वोकिंग पश्चिम सरेत जाईल. कर्जापैकी ५० कोटी पौंड फेडायची तयारी सरकारने दाखवली आहे. उरलेल्याचं ओझं कोण उचलणार, यावर गिल्डफर्डचे लोक वोकिंगवाल्यांकडे कसे बघतात ते तिथल्या पबमध्ये जाऊन बघा.

माझं मत विचाराल तर या कारणाने घर घ्यायचं टाळू नका. फ्लॅट घेणार असाल तर कौन्सिलच्या कर्जापेक्षा लीज किती वर्षांची उरली आहे आणि सर्व्हिस चार्ज किती, हे आधी वाचा. पश्चात्ताप लोकांना तिथे होतो.

शाळा कशा आहेत?

चांगल्या आहेत, पण घराच्या अंतरावर सगळं अवलंबून. प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी ग्रामर स्कूल सरे काउंटीत नाहीत. 'टिफिन' या ग्रामर स्कूलची चर्चा ऐकाल, ती किंग्स्टनला आहे. माध्यमिक शाळेचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत, प्राथमिकचा १५ जानेवारीपर्यंत. उशीर झाला की दूरची शाळा. घर बघताना एजंट 'उत्तम शाळेजवळ' म्हणेल, तेव्हा गेल्या वर्षी किती मीटरपर्यंतच्या मुलांना प्रवेश मिळाला ते काउंटीच्या माहितीत स्वतः तपासा.

रात्री-बेरात्री दवाखाना?

वोकिंगमध्ये अपघात विभाग नाही. चर्ट्सीचं सेंट पीटर्स किंवा गिल्डफर्डचं रॉयल सरे.

काम वोकिंगमध्येच मिळेल का?

थोडंफार. फॉर्म्युला वनवाल्या मॅक्लारेनचं मुख्यालय गावाबाहेर आहे, नॉर्मन फॉस्टर यांच्या आराखड्याचं, तळ्याला बिलगलेलं. २००४ मध्ये राणीच्या हस्ते उद्घाटन झालं. पंडा-चिन्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफचं ब्रिटनमधलं मुख्य कार्यालयही कालव्याकाठी आहे. पण खरं सांगायचं तर सकाळी गर्दी लंडनकडच्या फलाटावरच असते.

मराठी माणसं आहेत का? गणपती?

आहेत, विखुरलेली. गल्लीच्या गल्ली मराठी, असं काही शोधू नका. दक्षिण आशियाई वस्ती मुख्यतः मेबरी आणि शीअरवॉटरला, तीही बरीचशी पाकिस्तानातून, विशेषतः काश्मीरकडून आलेली. सिसिलीहून आलेल्या इटालियन कुटुंबांचीही इथे जुनी वस्ती आहे. १९३२ मध्ये स्थापन झालेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ डॉलिस हिलला आहे, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. गणपतीला तिथे जायचं तर दिवस मोडतो. म्हणून बहुतेक जण दीड दिवसाचा घरी बसवतात आणि चार घरं एकत्र येऊन आरती करतात. विसर्जन बादलीत. कालव्यात करू नका, बोटीवाले आणि मासे धरणारे दोघेही रागावतात. तूरडाळ, पोहे, कोथिंबीर मेबरीत मिळते. भाजणीचं पीठ मिळत नाही, ते आईलाच सांगा.

हीथ्रो?

थेट रेल्वे नाही. स्टेशनबाहेरून कोच सुटते. एम-२५ तुंबला नसेल तर झकास.

रविवारी लंडनला जायला गाडीचं काही अडतं का?

अडतं. रुळांची कामं रविवारीच काढतात आणि मग स्टेशनबाहेर बदली बस उभी असते. २५ मे २०२५ रोजी साउथ वेस्टर्न रेल्वे पुन्हा सरकारच्या ताब्यात आली, तेव्हा सरकारी मालकीची पहिली गाडी म्हणून मान मिळाला तो वोकिंगहून पहाटे ५:३६ ला सुटणाऱ्या वॉटर्लू गाडीला. तो रविवार होता. निम्म्या रस्त्यात प्रवाशांना उतरवून बसमध्ये बसवलं.